जंगलाच्या कार्बनचा हिशेब: या चुका टाळा

जंगलाने किती कार्बन शोषला हे सांगताना सर्वांत जास्त घोटाळा होतो तो साठा आणि वाढ यांत. जुन्या घनदाट जंगलात साठा प्रचंड असतो, पण दरवर्षी पडणारी भर थोडी असू शकते. कोवळ्या जंगलाचं उलट: साठा कमी, वाढ जोरात. उभ्या झाडांतला सगळा साठा 'वार्षिक शोषण' म्हणून दाखवला, तर पुढच्या गणिताला अर्थच उरत नाही. दोन मोजण्यांतला फरक काढा आणि मधल्या वर्षांनी भागा.

आकडा अवाच्या सवा आला, तर आधी टेपची नोंद तपासा. झाडाचा घेर जमिनीपासून १.३ मीटरवर मोजतात, पण झाडाचा जैवभार, म्हणजे सुकं वजन, काढणाऱ्या सूत्राला बहुधा व्यास लागतो. ६३ सेंमी घेर म्हणजे २० सेंमी व्यास. व्यासाच्या जागी घेर भरला, की जैवभार दहापटीहून जास्त फुगतो.

मग वजन. १ टन ओल्या लाकडात निम्मं पाणी धरलं, तर सुकं वजन ०.५ टन. त्याला ०.४७ ने (सुक्या लाकडातला कार्बनचा वाटा) गुणलं की कार्बन ०.२३५ टन; त्याला ४४/१२ ने (कार्बन डायऑक्साइड आणि कार्बन यांच्या वजनांचं गुणोत्तर) गुणलं की कार्बन डायऑक्साइड सुमारे ०.८६ टन. यातली एकही पायरी गाळू नका. चिन्हही बघा: आयपीसीसीच्या (हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या) पद्धतीत उत्सर्जन अधिक, शोषण उणे.

मातीकडे होणारं दुर्लक्ष मला फार खटकतं. जमिनीवरचा जैवभार, मुळं, मेलेलं लाकूड, पालापाचोळा आणि मातीतला सेंद्रिय कर्ब असे पाच साठे मोजायचे असतात. गवताळ रान नांगरून रोपं लावली, की रोपांची वाढ हिशेबात येते, मातीतून सुटलेला कार्बन मात्र राहून जातो. आयपीसीसीच्या ढोबळ पद्धतीत खनिज (नेहमीच्या, फार सेंद्रिय नसलेल्या) मातीतला कार्बनचा बदल वरच्या ३० सेंमी थरासाठी काढून २० वर्षांत विभागतात. तो एकाच वर्षाच्या नावावर टाकू नका. पीट जमिनीला (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या दलदलीच्या जमिनीला) तर हा नियम लागूच नाही. तिथलं पाणी चर खणून काढलं, की जमीन कोरडी असेपर्यंत उत्सर्जन वर्षानुवर्षं चालूच राहतं.

वणव्याच्या नोंदीत मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडही हवेत. पॅरिस करारानुसारच्या अहवालांत १०० वर्षांच्या हिशेबाने त्यांचे कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेतले तापमानवाढीचे गुणक अनुक्रमे २८ आणि २६५ आहेत. आणि जळालेल्या पट्ट्यात नव्याने उगवलेल्या झाडांचं शोषण धरणार असाल, तर जळतानाचं उत्सर्जनही धरायलाच हवं.