पहिली खेळी कोणाची? फासे बनवताना या चुका टाळा

पहिली खेळी कोणाची हे ठरवायला चौघांनी एकेक साधा फासा टाकला (मोठा आकडा तो पुढे), तर चारही दानं वेगळी पडण्याची शक्यता १२९६ पैकी ३६०, म्हणजे जेमतेम २८ टक्के. बरोबरी झालेल्यांनी पुन्हा टाकणं न्याय्य आहे, फक्त वेळखाऊ. ‘बरोबरी झाली तर आधी टाकणारा पुढे’ हा नियम मात्र अजिबात नको. दोघांच्या खेळात त्यामुळे पहिल्याला ३६ पैकी २१ संधी मिळतात, दुसऱ्याला १५.

प्रत्येकाचा फासा वेगळा बनवला आणि एकही आकडा दोन फाशांवर येऊ दिला नाही, की बरोबरी संपते. खऱ्या चुका इथून पुढे होतात.

घरात आहेत म्हणून दहा किंवा वीस बाजूंचे फासे घेऊ नका. तिघांचे पहिला-दुसरा-तिसरा असे क्रम सहा, ते सगळे सारख्याच वेळा यायला हवेत, आणि दहा बाजूंच्या तीन फाशांची दानं १०००. हजाराचे सहा समान वाटे होतच नाहीत, मग आकडे कसेही लिहा. बाजूंच्या संख्येला २ आणि ३ या दोन्हींनी भाग जायला हवा. पाच खेळाडू असतील तर ५ नेही, म्हणजे किमान ३० बाजू.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे बेरजेवर विसंबणं. समजा, ‘अ’ फाशावर तीनदा १ आणि तीनदा ६ लिहिले, ‘ब’वर तसेच २ आणि ५, ‘क’वर ३ आणि ४. तिघांची बेरीज सारखी. कोणतेही दोन फासे घ्या, दोघांनाही निम्मी संधी. तरी तिन्ही एकत्र टाकले की ‘अ’ला ६ पडताच तो पहिला, म्हणजे निम्म्या वेळा. उरलेल्या दोघांना पाव-पाव. म्हणून जोड्या तपासून थांबू नका, पूर्ण क्रम तपासा.

तिघांसाठी हा संच नीट चालतो:

अ: १, ५, १०, ११, १३, १७
ब: ३, ४, ७, १२, १५, १६
क: २, ६, ८, ९, १४, १८

एकूण २१६ दानं, सहाही क्रम प्रत्येकी ३६ वेळा. स्प्रेडशीटमध्ये मांडून स्वतः मोजा, पाहताना फार समाधान वाटतं. शंभरदा फासे टाकून केलेली चाचणी इथे कामाची नाही, छोटा कल तिच्यात दिसतच नाही.

चौघांसाठी एरिक हार्शबार्गर आणि रॉबर्ट फोर्ड यांचे बारा बाजूंचे चार फासे आहेत, त्यांवर १ ते ४८ हे आकडे एकेकदाच येतात. २०,७३६ दानांत चोविसही क्रम प्रत्येकी ८६४ वेळा. त्यांतले कोणतेही दोन किंवा तीन उचलले तरी न्याय टिकतो. दोन वेगळ्या संचांतले फासे मात्र मिसळू नका.

आकडे इंग्रजीत लिहिणार असाल तर ६ आणि ९ खाली रेघ ओढा. वरच्या ‘क’वर दोन्ही आहेत, ६ उलटा वाचला गेला तर ‘ब’च्या ७ वर तो फुकटात जिंकतो.