पोस्टग्रेस नव्या ऑपरेटिंग सिस्टीमवर नेताना

पोस्टग्रेस (डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअर) नव्या सर्व्हरवर हलवायचं असेल तर गळीत हंगाम संपला की लगेच तारीख धरा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागली की कोल्हापुरात सर्व्हरसाठी कुणी मोकळं नसतं. बॅकअप घ्यालच. एका डेटाबेसच्या डंपमध्ये (डेटा फाइलमध्ये उतरवून घेतलेला बॅकअप) युजर आणि त्यांचे पासवर्ड येत नाहीत, त्यांच्यासाठी ग्लोबल्सचा (सगळ्या सर्व्हरला सामाईक गोष्टींचा) वेगळा डंप काढून ठेवा. डिस्कवर जागा बघा.

आता इंडेक्स, म्हणजे नोंद पटकन शोधण्यासाठी क्रमाने रचलेली सूची. उबुंटू १८.०४ वरून २०.०४ वर जाताना मी हेच विसरलो, म्हणून इथे थांबून वाचा. पोस्टग्रेस मजकुराचा क्रम बहुधा ऑपरेटिंग सिस्टीमच्या जीलिबसीला (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) विचारून लावतो, आणि २०१८ साली आलेल्या जीलिबसी २.२८ ने तो क्रमच बदलला. जुन्या मशीनवर ‘११’ आधी आणि ‘१-१’ नंतर, नव्यावर उलटं. दोन्ही मशीनवर या दोन ओळी इंग्रजी आकड्यांत सॉर्ट करून बघा, मिनिटही लागत नाही. डेटा फोल्डर जसंच्या तसं उचलून नेलं की इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेला राहतो आणि शोध नव्या क्रमाने होतो. आमच्या साखर कारखान्याचे सभासद कोड असेच डॅशवाले. मे महिन्यात सर्व्हर हलवला, सगळं सुरळीत चाललं. पुढे ऊसनोंदीच्या वेळी गट ऑफिसमधल्या कारकुनाला कोड सापडेना, त्याने सभासद नव्याने भरला, आणि एकच कोड दोनदा घेऊ नये म्हणून असलेल्या युनिक इंडेक्सने तो घेतला! एका शेतकऱ्याची दोन खाती, ऊस दोन्हीकडे विभागलेला. कुठेही एरर नाही.

बॅकअप उतरवून तपासला होता, म्हणून मी निर्धास्त होतो. पण डंप उतरवताना इंडेक्स नव्याने बांधले जातात, त्यामुळे ती चाचणी पास होणारच. फोल्डर कॉपी, पीजी-अपग्रेड (व्हर्जन बदलायचं टूल) किंवा स्ट्रीमिंग रेप्लिका (चालू सर्व्हरची सतत अपडेट होणारी प्रत) यांपैकी कोणत्याही वाटेने गेलात तर मजकुराच्या कॉलमवरचे सगळे इंडेक्स रीइंडेक्स करा, म्हणजे नव्याने बांधा. नुसत्या आकड्यांच्या कॉलमवरचे आणि ‘सी’ कोलेशनचे (कोलेशन म्हणजे क्रम लावायचा नियम, ‘सी’ मध्ये जीलिबसीच्या भाषेच्या नियमांचा संबंध नसतो) सोडले तरी चालतील. आधी अ‍ॅमचेकने (इंडेक्स तपासणारं पोस्टग्रेसचं एक्स्टेन्शन) तपासा. डुप्लिकेट शिरले असतील तर युनिक इंडेक्सचं रीइंडेक्स तिथेच अडतं, ते आधी हाताने निस्तरा. आणि लोकांना आत सोडण्याआधी रीइंडेक्स करा, नंतर नाही. एक रात्र गेली तरी जाऊ दे.

व्हर्जन १५ पासून डेटाबेसला जोडताना कोलेशन व्हर्जन जुळत नसल्याची वॉर्निंग येते. नोंदवलेलं कोलेशन व्हर्जन बदलणारी रिफ्रेशची कमांड मारली की ती वॉर्निंग जाते, इंडेक्स तसाच मोडका राहतो. आधी रीइंडेक्स, मग रिफ्रेश. रेप्लिका दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर असेल तर तिथे चुकीची उत्तरं मिळतील. दोन्हीकडे जीलिबसी एकच ठेवा.

सोबत पोस्टग्रेसचं व्हर्जनही बदलत असाल तर एक्स्टेन्शन (पोस्टग्रेसला जोडलेले जादा भाग) नव्या व्हर्जनसाठी आधी टाका. पीजी-अपग्रेडच्या लिंक मोडमध्ये (फाइल कॉपी न करता जुन्याच वापरल्या जातात) नवा क्लस्टर, म्हणजे नवा डेटा फोल्डर, एकदा सुरू केला की जुना वापरता येत नाही, तेव्हा परतीची वाट म्हणून कॉपी हवीच. १८ च्या आधीच्या व्हर्जनवर जात असाल तर क्वेरी कशी चालवायची हे ठरवणारी स्टॅटिस्टिक्स सोबत येत नाहीत, ती गोळा करणारं अ‍ॅनालाइझ चालवा, नाहीतर सकाळी सगळे रिपोर्ट रखडतात. एचबीए फाइल (कुणी कुठून जोडायचं ते ठरवणारी), क्रॉन (वेळेवर चालणारी कामं), फायरवॉल बघा. बंद पडलेला रेप्लिकेशन स्लॉट (रेप्लिकासाठी राखलेली जागा) काढा, तो वॉल (WAL, बदलांची नोंद) फाइल साठवत डिस्क भरतो.

मग इंडेक्स वापरून शोधायच्या तिन्ही पद्धती, म्हणजे इंडेक्स स्कॅन, बिटमॅप स्कॅन आणि इंडेक्स-ओन्ली स्कॅन, बंद करून डॅशवाले पाच-दहा कोड शोधा, तिन्ही चालू करून परत शोधा. उत्तर वेगळं आलं तर रीइंडेक्स राहिलंय.