कोटिंग केलेले मॅग्नेटिक नॅनोपार्टिकल्स गोळा होऊ नयेत म्हणून
आयर्न ऑक्साइडचे कण (हेच ते मॅग्नेटिक नॅनोपार्टिकल्स, म्हणजे अतिसूक्ष्म चुंबकीय कण) कोटिंगशिवाय नुसतेच ठेवले तर पीएच ७ च्या आसपास त्यांच्यावर चार्ज जवळपास उरतच नाही, म्हणून ते एकमेकांना चिकटतात, आणि रक्तात सोडायचे तर रक्ताचा पीएच ७.४, म्हणजे नेमकी तिथेच अडचण. सायट्रिक अ‍ॅसिडचं कोटिंग सोपंय, साध्या पाण्यात मस्त टिकतं, पण पीबीएस (शरीरातल्यासारखं मीठ आणि फॉस्फेट असलेलं द्रावण) टाकला की मिठामुळे चार्ज झाकला जातो, वर फॉस्फेट सायट्रेटला ढकलून जागा घेतं, मग तळाशी गाळ! म्हणून मी तरी पेग (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) किंवा डेक्स्ट्रान (साखरेच्या रेणूंचं पॉलिमर) हेच सांगेन, त्यांच्या लांब साखळ्याच कणांना जवळ येऊ देत नाहीत.

कोटिंगनंतर डायलिसिस (बारीक छिद्रांच्या पडद्यातून वेगळं करणं) करून सुटं पॉलिमर काढा, कंटाळा करून ही पायरी सोडू नका, नाहीतर रीडिंग फसवतात. मग ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर. नुसत्या पाण्यात टेस्ट करून खूश होऊ नका, पीबीएस आणि सीरममध्ये (रक्ताचा पेशी नसलेला पातळ भाग) ३७ डिग्रीला ठेवून डीएलएसवर (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांची साइज मोजणारं मशीन) साइज लगेच, दुसऱ्या दिवशी, आठवड्याने बघा, सीरममध्ये प्रोटीन चिकटून थोडी वाढतेच पण वाढतच राहिली तर कण गोळा होतायत. साठवायचं ४ डिग्रीला, फ्रीझरमध्ये नको, बर्फ होताना कण एकत्र दाबले जाऊन गुठळ्या होतात.