जुनी टू-स्ट्रोक डर्ट बाईक पुन्हा चालू करताय? या चुका टाळा

माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून एक पिस्टन आहे. २५० सीसीच्या टू-स्ट्रोक डर्ट बाईकचा. वरून बघितला तर करकरीत नवा. हातात घेऊन फिरवला की कडेला चार जागी, जवळपास सारख्या अंतरावर, उभे ओरखडे दिसतात. नख फिरवलं तर अडकतं. चार महिने खपून ते इंजिन मी स्वतः बांधलं होतं. थंडीतली सकाळ, पहिल्याच दोन-तीन किकांत गाडी उठली, मित्र बाजूला उभे. मला राहवलं नाही, मूठ पूर्ण पिळली. तो आवाज ऐकून सगळे खूश झाले आणि मिनिटभरात ‘चर्र’ करून इंजिन गप्प.

याला कोल्ड सीझ म्हणतात, म्हणजे थंड इंजिन पिस्टन घासून जाम होणं. पिस्टन अॅल्युमिनियमचा, थेट आगीसमोर. तो भराभर तापून फुगतो. सिलिंडर मात्र बाहेरून थंड असतो, तो तितक्या वेगाने फुगत नाही. मधली फट संपली की पिस्टन सिलिंडरला घासतो, आणि चार ठिकाणी घासल्याच्या खुणा राहतात. उपाय फुकटचा आहे: वॉटर-कूल्ड गाडी असेल तर दोन्ही रेडिएटर हाताला कोमट लागेपर्यंत, एअर-कूल्ड असेल तर सिलिंडरच्या फिन्स गरम लागेपर्यंत हलकी रेस देत थांबायचं. दोन-तीन मिनिटांचं काम. नवा पिस्टन असेल तर एकदा गरम करा, पूर्ण थंड होऊ द्या, मग पुन्हा.

या गाड्यांबद्दलची आपली आठवण आवाजाची आणि वासाची असते. पिस्टन क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलिंडरमधली फट) किती होता, कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) कितीचा होता, हे कुणाच्याच आठवणीत नसतं. जुनी टू-स्ट्रोक बिघडवणाऱ्या बहुतेक चुका मी आणि माझ्यासारख्यांनी आठवणीवर विसंबून केलेल्या आहेत.

तेल जास्त घातलं म्हणजे गाडी सुरक्षित?

टू-स्ट्रोकचं तेल पेट्रोलमध्येच मिसळतात, आणि त्यातला सगळ्यात चिवट गैरसमज हा. ‘इंजिन जुनं आहे, जरा हात सैल सोडून तेल घाल.’ आणि वर: ‘तेल जास्त म्हणजे मिक्स्चर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त.’ हे उलटं आहे. जेटच्या भोकातून ठरावीक द्रव जातो. त्यात तेल वाढलं की पेट्रोल तेवढं कमी होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल घटलं, मिश्रण लीन झालं. ४०:१ मध्ये (चाळीस भाग पेट्रोल, एक भाग तेल) पेट्रोलचा वाटा साधारण ९७.६ टक्के असतो, २०:१ मध्ये ९५.२. फरक छोटा आहे, पण आधीच काठावर असलेल्या जेटिंगला (जेटच्या मापांच्या जुळणीला) तेवढा पुरतो. प्रमाण बदललं तर जेटिंग पुन्हा तपासायचंच.

जुन्या मॅन्युअलमध्ये २०:१ लिहिलेलं असतं ते त्या काळच्या मिनरल तेलांसाठी. आजचं चांगलं टू-स्ट्रोक तेल ३२:१ ला बहुतेक जुन्या इंजिनांना व्यवस्थित चालतं, म्हणजे लिटरला साधारण ३१ मिली. आकडा कुठलाही धरा, पण मापाच्या नळीने मोजून घाला. बाटलीच्या झाकणाने मोजणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्या प्रत्येक कॅनचं प्रमाण वेगळं असतं आणि मग ते कार्बोरेटरला शिव्या घालतात.

आता वासाचं. जुन्या मोटोक्रॉसचा (मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतींचा) तो गोडसर, नाकात बसणारा वास एरंडेलाचा. हो, तेच एरंडेल. कॅस्ट्रॉल आर हे त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध नाव. तापलेल्या इंजिनात एरंडेलाची फिल्म फार चिवट टिकते, म्हणून रेसर ते वापरायचे. पण थंडीत ते पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं, रिंगच्या खाचांत चिकट थर धरतं, आणि मिनरल तेलात नीट मिसळत नाही. आधीच्या तेलावर तसंच एरंडेल ओतायचं नाही. टाकी, कार्बोरेटर सगळं धुवायचं, त्या दिवशी लागेल तेवढंच मिसळायचं आणि उरलेलं ठेवायचं नाही. वासासाठी एवढा खटाटोप? मी वर्षातून एकदा करतो. त्याबद्दल कुणी वाद घालू नये.

पेट्रोलमधलं इथेनॉल ही नवी कटकट. १९७० च्या दशकातले रबरी पाइप आणि सील त्याने फुगतात, शिवाय ते पाणी ओढून घेतं. महिनाभर कॅनमध्ये राहिलेलं मिक्स गाडीत घालू नका.

जेट बदलण्याआधी हवा कुठून शिरतेय ते बघा

मूठ सोडली तरी रेस लगेच खाली येत नाही, हवेत लोंबकळते आणि मग हळूच उतरते. हे लक्षण दिसलं की बहुतेक जण आयडल स्क्रू फिरवतात, मग मेन जेट मोठा घालतात. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालची क्रँकची पेटी, हा पंपाचाच भाग आहे. पिस्टन वर जाताना खाली निर्वात होतो, खाली येताना दाब तयार होतो. क्रँकच्या टोकांवरची रबरी सील वर्षानुवर्षं उभ्या गाडीत कडक होतात, आणि मग मॅग्नेटच्या (स्पार्कसाठी वीज बनवणाऱ्या चाकाच्या) बाजूने फुकटची हवा आत येते. मिश्रण लीन होतं, इंजिन तापतं. जेट मोठा घालून तुम्ही गळती झाकता. पुढच्या आठवड्यात गळती वाढते.

दुसऱ्या बाजूचं, म्हणजे क्लचकडचं सील गेलं तर उलट कथा. गिअरबॉक्सचं तेल क्रँककेसमध्ये ओढलं जातं आणि जळतं. पांढरा धूर थांबत नाही, प्लग काळा ओला निघतो, आणि गिअर ऑइल बाहेर कुठेही न गळता कमी होतं. इथे लोक जेट लहान घालतात. ती याहून वाईट चूक, कारण नवं सील बसवल्यावर तोच लहान जेट पिस्टन जाळतो.

खरी तपासणी सोपी आहे. इनटेक आणि एक्झॉस्ट रबरी बुचांनी बंद करायचे, हातपंपाने ६ पीएसआय हवा भरायची आणि काटा बघायचा. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरला तर साबणाचं पाणी शिंपडून बुडबुडे शोधायचे: मॅग्नेटखाली, सिलिंडरच्या बुडाच्या पॅकिंगला, इनटेकच्या रबरला, रीड व्हॉल्व्हच्या (इनटेकमधल्या पातळ पाकळ्यांच्या झडपेच्या) कडेला. हा पंप मी पहिलं इंजिन सीझ झाल्यावर विकत घेतला. आधी घेतला असता तर दुसरा पिस्टनही वाचला असता, पण ते जाऊ दे.

गळती नाही हे पक्कं झालं की मग जेटिंग. त्यातली नेहमीची चूक म्हणजे भलताच जेट बदलणं. मूठ जेमतेम उघडलेली असताना पायलट जेट आणि एअर स्क्रूचं राज्य असतं, पाव ते पाऊण उघडी असताना नीडलचं, त्यापुढे मेन जेटचं. पाव मुठीवर अडखळणाऱ्या गाडीचा मेन जेट बदलून काही होत नाही. अंदाज नको म्हणून मी मुठीवर आणि तिच्या बाजूच्या स्विचवर टेपच्या खुणा करतो: बंद, पाव, अर्धी, पाऊण. कुठल्या खुणेवर अडखळली ते लिहून घेतो. प्लगचा रंग बघायचा तर वरच्या गिअरला पूर्ण मूठ देऊन, त्याच क्षणी क्लच ओढून इंजिन बंद करून बघायचा. आयडलवर फुरफुरत आलेल्या गाडीचा प्लग फक्त आयडलबद्दल सांगतो.

सिलिंडर आणि क्रँक

नवा पिस्टन, नव्या रिंगा आणि खाली तीस वर्षं उभा राहिलेला क्रँक. ही जोडी फार दिसते. बिग एंडच्या (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या) बेअरिंगवर गंजाचा एक बारीक ठिपका असला तरी नव्या पिस्टनचं वाढलेलं कॉम्प्रेशन त्याचा निकाल लावतं. कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली हलवा. बाजूला थोडा प्ले चालतो, वर-खाली अजिबात नाही.

सिलिंडर कशाचा आहे ते आधी ओळखा. लोखंडी लायनर असेल तर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवता येतो. निकासिलचा (निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा कठीण) थर असेल तर बोअर करायचं नाही, पुन्हा थर चढवून घ्यायचा. बोअरिंग झाल्यावर पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या) धारदार कडा गोल करणं बरेच मशीनवाले विसरतात. पोर्टमध्ये बोट घालून कड हाताळा. कापेल असं वाटलं तर रिंग तिथेच अडकून तुटणार. एक्झॉस्ट पोर्टच्या मध्ये उभा पूल असेल तर तो जास्त तापतो आणि आत फुगतो, म्हणून तिथे अगदी किंचित घासून मोकळीक ठेवायची असते, आणि पिस्टनला त्या जागी तेलासाठी दोन बारीक भोकं पाडायची असतात. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. पिनच्या सर्कलिप जुन्या वापरायच्या नाहीत.

‘पिकअप गेला’ म्हणजे इंजिनच गेलं असं नाही

पाइप बघा. टू-स्ट्रोकचा फुगीर एक्स्पान्शन चेंबर परत येणाऱ्या दाबलहरीने ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलतो. हे शास्त्र पूर्व जर्मनीत एमझेड या मोटरसायकल कंपनीच्या वॉल्टर काडेनने पक्कं केलं आणि १९६१ मध्ये रेसर अर्न्स्ट डेगनर पळून सुझुकीकडे गेला, तेव्हा ते त्याच्याबरोबर जपानला पोचलं. आपल्याला हवा तो कर्कश आवाज आणि मुठीत अचानक येणारी ताकद दोन्ही या पत्र्याच्या आकारातून येतात. मोठा पोचा पडला किंवा आत कार्बन साचला की लहर बिघडते, आणि माणूस इंजिन उघडून बसतो.

१९८० च्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांत पॉवर व्हॉल्व्ह असतो, म्हणजे वेगानुसार एक्झॉस्ट पोर्ट लहान-मोठा करणारी झडप. यामाहाने तो १९८२ च्या वायझेड २५० वर आणला. तो कार्बनने अडकला की गाडी एकतर खालून मेलेली लागते, नाहीतर वर दम तोडते. बऱ्याचदा साफ करून भागतं.

चकाचक करण्याचा सोस

चासीला पावडर कोटिंग करण्याआधी स्टिअरिंग हेड आणि स्विंगआर्मच्या जोडांवर तडे शोधा. जाड रंगाखाली तडा वर्षभर दिसत नाही. कॉइल जिथे चासीला बसते तिथला रंग खरवडून काढला नाही तर अर्थिंग मिळत नाही, आणि सुंदर गाडी स्पार्कविना उभी राहते. फ्रेम नंबर बुजू देऊ नका. मॅग्नेशियमच्या कव्हरांवर आम्लाचं क्लीनर चुकूनही नको.

गाडी १९७२ ची, ट्रॅक आजचा

ही चूक गाडीपेक्षा अंगावर जास्त येते. पॉल फ्रिडरिक्सने १९६६ मध्ये सीझेड या चेकोस्लोव्हाक गाडीवर ५०० सीसीचं विश्वविजेतेपद टू-स्ट्रोकला पहिल्यांदा मिळवून दिलं, तेव्हा ट्रॅक म्हणजे नैसर्गिक टेकड्या, चिखल, वाळू. सस्पेन्शनचा ट्रॅव्हल (चाक वर-खाली किती हलतं ते) जेमतेम १०० मिमी. १९७३ मध्ये हाकन अँडरसनने लुसियां टिल्केन्सच्या मोनोशॉकची (मागे एकच शॉक असलेली) यामाहा चालवून २५० चा किताब घेतला आणि ट्रॅव्हल वाढवण्याची शर्यत लागली. दशक संपेपर्यंत ट्रॅव्हल ३०० मिमीच्या आसपास गेला. स्टेडियममधली, माणसाने रचलेल्या उड्यांची मोटोक्रॉस १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये झाली, सोळा वर्षांच्या मार्टी ट्राइप्सने जिंकली, आणि पुढचे ट्रॅक त्या वळणावर गेले. आजचे डबल (दोन उंचवटे) आणि टेबलटॉप (सपाट माथ्याचे उंचवटे) लांब ट्रॅव्हलच्या गाड्यांसाठी बांधलेले आहेत. ट्विन शॉकची (मागे दोन शॉक असलेली जुनी) गाडी त्यावरून उडवली की फूटपेगचे ब्रॅकेट वाकतात, चासी तडकते, आणि ड्रम ब्रेक तुमच्या अंदाजाच्या बऱ्याच पुढे थांबवतो. जुन्या गाडीला लोळणारा, चढ-उताराचा ट्रॅक शोधा. तिथे ती खरोखर छान पळते.

पोशाखाची हौस जर्सीपर्यंत ठेवा. उघडं हेल्मेट आणि त्यावर जोफाचं प्लास्टिकचं तोंडकवच फोटोत झकास दिसतं. डोक्यावर हेल्मेट आजचंच हवं.

आणि ५०० सीसीने सुरुवात करू नका. होंडाने सीआर ५०० आर २००१ पर्यंत बनवली, कावासाकीने केएक्स ५०० २००४ पर्यंत, आणि दोन्हींच्या दंतकथा ऐकून लोक पहिलीच गाडी तीच घेतात. किकला उलटा झटका पायाला कसा बसतो ते एकदा कळलं की गाडी विकायला निघते. १२५ घ्या. ती सतत गिअर मागते, चुका माफ करते आणि त्या काळची मजा जास्त देते, असं माझं मत. वायझेड १२५ यामाहा अजून नवी बनवतं, त्यामुळे हात बसवायला तीही चालते.

फोर-स्ट्रोकवरून आलेल्यांची खास सवय: लांब उतारावर मूठ बंद करून इंजिन ब्रेकिंगवर उतरणं. इथे तेल पेट्रोलबरोबरच येतं. मूठ बंद म्हणजे तेल बंद, आणि इंजिन मात्र गरगर फिरतंय. उतारावर मधूनमधून मूठ थोडी उघडा किंवा क्लच ओढा. डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर असू द्या. आवाज अचानक कोरडा, ताणलेला झाला की आधी क्लच, मग विचार.

दिवस संपल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, अशी एक जुनी पद्धत आहे. शेवटचे काही सेकंद इंजिन लीन चालतं, तेही तापलेलं. त्यापेक्षा इंजिन बंद करा, फ्लोट बाऊलच्या (कार्बोरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीच्या) तळाचा स्क्रू सोडा आणि पेट्रोल डब्यात काढून घ्या. पुढच्या वेळी पायलट जेट तुंबलेला सापडणार नाही.