पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांनो, उद्योगाचा आराखडा करताना या चुका टाळा

उद्योजकता प्रशिक्षणात एम.एस्सी.चे विद्यार्थी हमखास मांडतात तो प्रकल्प म्हणजे ओल्या कचऱ्यापासून खत. नागपुरात कळमन्याचा भाजी-फळांचा घाऊक बाजार डोळ्यांसमोर असतोच. बहुतेकांचं विज्ञान पक्कं असतं, चुकतो तो हिशेब.

‘एक टन कचरा, अर्धा टन खत’

हा आकडा आधी खोडा. ओल्या कचऱ्यात साधारण ७५ ते ८० टक्के पाणी असतं. म्हणजे टनामागे कोरडा भाग २०० ते २५० किलो. त्यातलाही ४०-५० टक्के कुजताना वायुरूपात निघून जातो. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टमध्ये, म्हणजे शहरातल्या कचऱ्यापासून केलेल्या खतात, ओलावा २५ टक्क्यांपर्यंतच चालतो. त्यामुळे हाती येतं जेमतेम १३० ते २०० किलो. मिसळलेल्या पालापाचोळ्याची भर वेगळी. विक्रीचा अंदाज असा निम्म्याहून खाली आला की भाडं आणि मजुरीसुद्धा निघत नाही. म्हणून कचरा उचलण्याचं मासिक शुल्क हेच मुख्य उत्पन्न धरा. रोज १०० किलोहून जास्त कचरा होणारी हॉटेलं आणि वसतिगृहं आधी गाठा; कचऱ्याची विल्हेवाट ही त्यांच्यावर नियमानेच आलेली जबाबदारी आहे.

‘तुम्ही आमची सेवा घ्याल का?’

भिडेखातर सगळेच हो म्हणतात. त्याऐवजी विचारा: सध्या कचरा कोण नेतं, महिन्याला किती देता, गाडी आली नाही तर काय करता, पैसे कोण मंजूर करतं? मेसचा मॅनेजर आणि मालक यांची उत्तरं वेगळी निघतात, दोघांनाही भेटा.

प्रयोगशाळेतला ढीग मे महिन्यात चालत नाही

नागपूरच्या ४५ अंशांत उघडा गांडूळखताचा वाफा तग धरत नाही. ३५ अंशांपुढे गांडुळं मरू लागतात. सावली, ओलं गोणपाट आणि रोजचं पाणी यांचा खर्च आराखड्यात हवा. संत्र्याची सालं थेट वाफ्यात घालू नका. आम्लता आणि सालीतलं तेल यामुळे गांडुळं पळतात. सालं शेणात मिसळून १५-२० दिवस आधी कुजवा. पावसाळ्यात वास सुटला तर ढिगात हवा कमी, पाणी जास्त. मूठभर माल दाबून पाहा: एक-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर कोरडा पाला मिसळून ढीग पालटा. शेजाऱ्यांची तक्रार आली की जागाच हातची जाते.

पेटंटआधी पोस्टर

परिषदेत पोस्टर लावून पद्धत जाहीर केली की नावीन्याचा दावा धोक्यात येतो. आधी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक, अर्ज भरा. पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात.

पदवी हातात, लगेच ईआयए सल्लागार

ईआयए म्हणजे प्रकल्पाच्या पर्यावरणीय परिणामांचं मूल्यांकन. पर्यावरण मंजुरीसाठीचा हा अहवाल नॅबेट या राष्ट्रीय मान्यता मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेनेच करावा लागतो. सुरुवातीला अशा संस्थांना नमुने गोळा करणं, वनस्पती-नोंदी, नकाशे अशी कामं करून द्या.