कपारीतली डेझी ओळखायची तर फूल उलटे करून पाहा

कातळाच्या भेगांत रानडेझी फुलल्या की खडकबागेसाठी रोपे तयार करणारे बी कधी मिळेल याची वाट बघू लागतात. बी धरायला अजून काही आठवडे आहेत. आत्ताचे काम ओळख पटवण्याचे आहे आणि ते फुलोऱ्यातच उरकायला हवे. एका वर्षी मी हे टाळले आणि एकाच कातळावरची वाळली फुले एका पिशवीत भरली. पुढच्या वर्षी वाफ्यात दोन जाती एकमेकींत मिसळून उगवल्या, त्या फुलेपर्यंत वेगळ्या करता आल्या नाहीत.

पाकळ्यांवर विसंबू नका. आपण ज्याला डेझीचे एक फूल म्हणतो तो झेंडू-शेवंतीसारखाच बारीक फुलांचा गुच्छ असतो. कडेची प्रत्येक पांढरी पाकळी हे एक फूल, मधल्या पिवळ्या चकतीतला प्रत्येक ठिपका हेही एक फूल. पांढरी कड आणि पिवळा मध्य तर या कुळात कितीतरी जातींना असतो.

म्हणून फूल हलकेच उलटे करा आणि खालची हिरवी वाटी भिंगातून पाहा. वाटीची पाने अरुंद, जवळपास एकाच उंचीची, एका-दोन ओळींत उभी असतील आणि पाकळ्या दोऱ्यासारख्या बारीक, भरपूर असतील, तर ती बहुधा एरिजेरॉन. पाने छपरावरच्या कौलांसारखी एकावर एक चढलेली, बाहेरची आखूड, आतली लांब, आणि पाकळ्या त्या मानाने कमी व रुंद असतील, तर ॲस्टरकडे वळा. ॲस्टर सहसा उशिरा, उन्हाळा सरताना फुलते. एरिजेरॉनच्या बहुतेक जाती त्याआधी. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या टाउनसेंडियाची वाटीही कौलारूच असते, पण तिच्या पुष्कळ जातींत मोठाले फूल देठाशिवाय थेट पानांच्या चक्रात बसलेले दिसते.

आता चकतीतले एक बारीक फूल चिमटीने उपटा. त्याच्या बुडाशी केसांचा झुबका आहे का? एरिजेरॉन आणि ॲस्टरला असतो, पुढे त्याचीच म्हातारी होऊन उडते. हिरवळीत उगवणाऱ्या साध्या डेझीला, म्हणजे बेलिस पेरेनिसला, तो नसतो. माझ्या मते सगळ्यांत खात्रीची खूण हीच.

पाने शेवटी पाहा. एरिजेरॉन कंपोझिटसची पाने तीन-तीन फाट्यांत चिरलेली असतात. भिंतींच्या फटीत पसरणारी एरिजेरॉन कार्विन्स्कियानस मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेची. तिची फुले पांढरी उमलतात आणि जुनी होताना गुलाबी पडतात. एकाच झुडपावर दोन रंग दिसले म्हणून दोन जाती धरू नका. ही मात्र बागेतून निसटून फार पसरते. न्यूझीलंडमध्ये ती उपद्रवी तणांत गणली जाते. जिथे ती मूळची नाही तिथे तिचे बी उघड्या कातळाजवळ नेऊ नका.

फटीत एकदांडीही असते: समोरासमोर खरखरीत पाने, लांब देठ, टोकाशी तीन दाते असलेल्या मोजक्या पाकळ्या. गाजरगवताचे फूल जेमतेम 4 ते 5 मिलिमीटरचे, पाने गाजरासारखी चिरलेली. त्याने अंगाला खाज सुटते, पुरळ उठते, तेव्हा हातमोज्यांशिवाय हात लावू नका.

जात पटली की देठाला रंगीत लोकरीचा धागा सैल बांधा. फुलाची मागची बाजू, पान, पूर्ण झाड आणि भेग असे चार फोटो काढून त्याच धाग्याच्या रंगाने नोंद करा. म्हातारी फुगून गोल झाली आणि बोटाच्या हलक्या स्पर्शाने सुटू लागली की बी पक्के. दहांतले एखादेच फूल घ्या, कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये दमटपणाने बुरशी येते. झाड उपटायचा मोह आवरा: मूळ भेगेत खोल गेलेले असते, वरचेवर तुटते आणि सहसा झाड जगत नाही.

बी ताजे असतानाच पेरा. भरड वाळू आणि बारीक खडी जास्त, माती कमी. बी वरच टाका आणि खडीचा पातळ थर द्या. थंड डोंगरांवरच्या काही जातींना उगवण्याआधी काही आठवडे गारठा लागतो. त्या कुंड्या हिवाळ्यात बाहेरच राहू द्या.