कांदा चाळीतली फियाट

आयटीआयला मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करून मी नाशिकमध्ये वडाळा नाक्याजवळच्या एका रेडिएटरवाल्या चाचांकडे लागलो, तेव्हा नातेवाइकांना सांगायला लाज वाटायची. वर्गातली पोरं सातपूर-अंबडला कंपनीत, युनिफॉर्म घालून. आणि मी पाण्याच्या हौदात कोपरापर्यंत हात घालून गळतीचे बुडबुडे शोधतोय. आता जुन्या गाड्यांचं काम शिकायचंय म्हणून नवी पोरं येतात, सुरुवात कुठून करू विचारतात. मी त्यांना आधी रेडिएटर, म्हणजे इंजिनचं पाणी गार करणारी जाळी, साफ करायला बसवतो. तोंडं वाकडी होतात, पण माझी सुरुवातही तिथूनच झाली, आणि चांगलीच फसत झाली.

निफाडकडच्या एका शेतकऱ्याने टेम्पोत घालून 1968 ची फियाट अकराशे आणली होती. (कोणतीही जुनी फियाट दिसली की लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणतात; ती वेगळी, हिच्या आधीची.) आजोबांची गाडी, कांदा चाळीत चौदा वर्षं उभी. रेडिएटरचं झाकण गायब, तोंडाला चिंधीचा बोळा. ग्रिलमधून बघितलं तर जाळी दिसेचना. कांद्याची सालपटं, कडुनिंबाच्या काड्या, कुंभारीण माशीची मातीची घरटी, आणि फॅनच्या बाजूला उंदराने गोणपाट कुरतडून केलेला संसार.

चाचा चहाला गेले होते. मी कॉम्प्रेसरचा पाइप घेतला आणि समोरून फुल प्रेशर मारलं. थोडी सालपटं उडाली, बाकीची आत जाऊन घट्ट बसली, आणि तळहाताएवढ्या जागेतल्या फिन्स (जाळीतल्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या) आडव्या झाल्या. चाचा आले, बघितलं, ओरडले नाहीत. म्हणाले, “बेटा, कचरा आला कुठून?”

गाडी चालताना हवा ग्रिलमधून इंजिनकडे जाते, म्हणून बाहेरचा कचरा बहुतेक समोरच्या अंगाला अडकतो. तो उलटा, इंजिनच्या बाजूने पुढे ढकलायचा. म्हणजे रेडिएटर खोलून बाहेर काढायचाच; गाडीवर ठेवून हे नीट होत नाही. उंदराचं घर मात्र हवेने उडवू नका. आधी ओलं करा, हातमोजे घाला, मग उचला. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो, आणि आपल्या बोटांना खरचटलेलं नेहमीच असतं. मातीची घरटी भिजत ठेवायची, तारेने कोचायची नाहीत. ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या, बारीक नळीतही माशी घर करते, ती नळी बघायला सगळे विसरतात. फिन्स मी दोन दिवस चिमट्याने एकेक सरळ केल्या. तीच माझी शिक्षा.

आतली गोष्ट वेगळी. या रेडिएटरला वर एक टाकी, खाली एक टाकी आणि मध्ये उभ्या चपट्या पितळी नळ्या, आतली फट जेमतेम दोन मिलिमीटरची. इंजिनमधलं गरम पाणी वरच्या टाकीत येतं आणि नळ्यांतून खाली उतरतं. फियाटचा ब्लॉक बिडाचा, त्याला आतून गंज धरतो; त्याच्या खपल्या पाण्याबरोबर येतात आणि नळ्यांच्या वरच्या तोंडाशी अडकतात. त्यात वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलेलं, म्हणजे क्षाराचा थर. म्हणून इथेही पाणी उलटंच सोडायचं: खालच्या तोंडाने आत, वरच्याने बाहेर.

तसं केलं. आधी चॉकलेटी चिखल आला, मग पिवळं, मग स्वच्छ पाणी. लिंबूसत कोमट पाण्यात, लिटरला साधारण 50 ग्रॅम, भरून ठेवलं. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतलं. मालक म्हणत होता, “संडासचं ॲसिड टाका ना, दहा मिनिटांत होईल.” होईल खरं, पण ते पितळ आणि झाळ (सांध्यांचं सोल्डर) दोन्ही खातं. कॉस्टिक सोडाही नको, या इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, ते कॉस्टिकने खलास होतं.

पाणी स्वच्छ आलं म्हणून मी काम झालं असं ठरवलं. इंजिनचं बाकी काम होऊन गाडी सुरू झाली, महिनाभर शहरात नीट चालली. मग मालक हौसेने मुंबईला घेऊन गेला, आणि परत येताना कसारा घाटात वाफ.

माझी चूक इथे होती, आणि नव्यांची नव्वद टक्के इथेच होते. पाणी सोपी वाट धरतं. अर्ध्या नळ्या उघड्या असल्या तर सगळं पाणी त्यांतूनच जातं, स्वच्छ दिसतं, आणि बंद नळ्या बंदच राहतात. सपाटीवर तेवढ्या नळ्या पुरतात, घाटात नाही. ओळखायचं कसं? इंजिन तापवून बंद करा, फॅन थांबला की जाळीजवळून तळहात आडवा फिरवा. मध्येच गार पट्टा लागला, तर तिथल्या नळ्या तुंबल्यात. दुसरी खूण म्हणजे वजन, तुंबलेला रेडिएटर हाताला जड लागतो. आता मी आलेला प्रत्येक रेडिएटर आधी नुसता उचलून बघतो.

मग चाचांनी वरची टाकी उघडली. कथील-शिशाची झाळ 183 अंशांना मऊ व्हायला लागते, ज्योत फिरवत गेलं की टाकी सुटते. एकाच जागी धरली तर शेजारची झाळही वाहते. (शिशाचा धूर असतो. शटर वर करून काम करा, हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावू नका.) आत बघितलं आणि मला घाम फुटला. डावीकडच्या तीन ओळी गुळाच्या ढेपेसारख्या बुजलेल्या. चपटी पोलादी पट्टी प्रत्येक नळीतून वरून खाली घालायची, फिरवायची नाही, जोर करायचा नाही. अडली की बाहेर, पाणी, पुन्हा. एक नळी माझ्याकडून फाटली. चाचांनी ती दोन्ही टोकांना झाळून बंद केली. एखाद-दुसरी बंद चालते, पाच नाही.

टाकी परत झाळून हौदात बुडवली, हवा भरली. साफ केल्यावर गळती निघते, दचकू नका. गंजानेच ती भोकं बुजवलेली असतात. हवा मात्र झाकणावर लिहिलेल्या आकड्याएवढीच. आजच्या गाड्यांच्या 13-15 पौंड दाबाच्या (पीएसआय) हिशोबाने जुन्या टाकीत हवा भराल तर टाकीचं पोट फुगेल.

ब्लॉकमध्ये गंज अजून होताच. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून ब्लॉक वेगळा धुतला, आणि रेडिएटरच्या वरच्या तोंडाशी, होजच्या आत, नायलॉनच्या पातळ मोज्याचा तुकडा गाळणीसारखा बसवला. आरओचं पाणी भरलं, कूलंट नंतर. (जुनं कूलंट गटारात ओतू नका, गोडसर असतं, कुत्री चाटतात आणि मरतात.) मालकाला सांगितलं, रोज पंधरा-वीस मिनिटं गावातच चालवा, तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा, चार दिवसांनी या. पहिल्या खेपेला मोज्यात चहाच्या चोथ्याएवढा गंज. दुसऱ्या खेपेला चमचाभर. मालक वैतागला, निफाडहून सारखं यायचं म्हणजे डिझेल किती जातं म्हणाला, कारण तो गाडी बघायला बोलेरोतून यायचा आणि फियाट भाऊ चालवत आणायचा. चौथ्या खेपेला मोजा जवळजवळ कोरा निघाला, आणि तेव्हा कुठे चाचांनी बिलबुक काढलं.